नोकरी सांभाळून जीआयएसचे प्रशिक्षण: मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी पाणीपुरवठा नियोजनाच्या क्षेत्रात काम करतो आणि नोकरी न सोडता भौगोलिक माहिती प्रणालीचे, म्हणजेच जीआयएसचे, पद्धतशीर प्रशिक्षण घेऊ इच्छितो. क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर वापरून माहितीचे थर जोडणे आणि नकाशा तयार करणे मला जमते. परंतु डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक निर्देशांक पद्धतीतील अक्षांश-रेखांशांवरून थेट क्षेत्रफळ का काढू नये, यूटीएम या प्रक्षेपणाचा (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीचा) योग्य विभाग कसा निवडावा, आणि वेगवेगळ्या प्रक्षेपणांतील थर एकमेकांवर नीट बसले नाहीत तर दोष कोठे शोधावा, हा पाया मला जाणकार शिक्षकाकडून शिकायचा आहे. केवळ बटणांची ओळख करून देणारे वर्ग मला अपुरे वाटतात.

ज्यांनी नोकरी करत असा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यांनी कृपया सांगावे: आठवड्याला प्रत्यक्षात किती तास द्यावे लागले, आणि स्वतःच्या कामातील माहितीवर प्रकल्प करण्याची मुभा होती का? (माझ्यासाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.) तसेच, आधी आर्कजीआयएस हे व्यावसायिक सॉफ्टवेअर शिकावे की क्यूजीआयएससोबतच पोस्टजीआयएस (भौगोलिक माहिती साठवण्याची डेटाबेस प्रणाली) आणि पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) यांकडे वळावे, याविषयी आपला अनुभव काय आहे?