दुदिन्त्सेची 35 किमी रेस वॉक: बाटल्या, लाल कार्डं आणि वळणं याबद्दल विचारायचंय

टाच_आधी:
नमस्कार मंडळी. स्लोव्हाकियातल्या दुदिन्त्सेला मार्चमध्ये दरवर्षी जी रेस वॉक (वेगाने चालायची शर्यत) होते (तीच, 'दुडिन्स्का पेत्देसियात्का' नावाची), तिथे 35 किमी चालण्याच्या तयारीबद्दल नेमकी माहिती हवी आहे. चालणाऱ्या मुलाचं 20 किमीचं टायमिंग 1:29 आहे. 35 साठी 4:40 चा पेस (किलोमीटरला 4 मिनिटं 40 सेकंद), म्हणजे एकूण 2:43:20, डोळ्यासमोर आहे. 20 किमीचं तंत्र बसलेलं आहे, पण त्यापुढचं अंतर स्पर्धेत अजून चाललेलं नाही.

तीन शंका आहेत. वाटेतल्या पेयांच्या टेबलावर स्वतःच्या किती बाटल्या ठेवायच्या आणि त्यात काय घालायचं? लाल कार्डं (चालण्याचा नियम मोडल्याबद्दल पंच देतात ती) 25 किमीनंतरच जास्त का पडतात, आणि त्यासाठी सरावात काय बदलायचं? तिथल्या थंडीचं काय करायचं? इकडे फेब्रुवारी संपतानाच ऊन लागायला लागतं.

लांबपल्ला:
आधी स्पर्धेबद्दल थोडं, कारण नावावरून पुष्कळांचा घोटाळा होतो. 'पेत्देसियात्का' म्हणजे पन्नाशी. 1982 पासून चालत आलेली ही स्पर्धा मुळात 50 किमीची. दुदिन्त्से हे दीड हजाराच्या आतबाहेर वस्तीचं, गरम झऱ्यांचं गाव. पण स्लोव्हाकियाच्या मातेय तोतने 2015 मध्ये इथेच 50 किमी 3:34:38 मध्ये संपवले. फ्रान्सच्या योहान दिनिझच्या 3:32:33 या विश्वविक्रमापासून तो फक्त दोन मिनिटं पाच सेकंद लांब राहिला. पुढच्याच वर्षी रिओला त्याने ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. टोकियो ऑलिंपिकनंतर 50 किमी बंद झालं आणि 35 आलं. मार्च 2025 मध्ये कॅनडाच्या एव्हन डन्फीने इथेच 35 किमी 2:21:40 मध्ये चालून त्या वेळचा विश्वविक्रम केला. पेस काढा, किलोमीटरला 4:03 पडतो. आपल्यासाठी सगळ्यात जवळचा दाखला भारताच्या राम बाबूचा. मार्च 2024 मध्ये याच स्पर्धेत त्याने 20 किमी 1:20:00 मध्ये संपवले, तिसरा आला आणि पॅरिस ऑलिंपिकचा 1:20:10 चा पात्रता निकष पार केला.

गाव लहान असलं तरी स्पर्धा वेगवान आहे, हे मनात ठेवूनच जा. 4:40 ने चालणारा तिथे बहुतेक वेळ एकटाच असेल, त्याला पुढची पाठ धरून चालायला मिळणार नाही. पेस स्वतःच्या पायात बसलेला हवा.

एक लक्षात घ्या, 2026 पासून जागतिक अजिंक्यपदाच्या पातळीवर 20 आणि 35 च्या जागी हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉन आली आहे. प्रवेश भरताना त्या वर्षीचं अंतर माहितीपत्रकात बघूनच तयारी आखा. 4:40 ने 42.195 म्हणजे 3:16:54. हे जवळजवळ साडेतेहतीस मिनिटांचं जादा काम आहे, नुसती शेवटाला लावलेली शेपटी नाही.

टेबलमागचा:
बाटल्यांचा हिशोब देतो. फेरी 1 किमीची धरली आहे (नियमाने 1 ते 2 किमीच्या मधे असते).

4:40 ने तीन फेऱ्या म्हणजे 14 मिनिटं. दर तीन फेऱ्यांनी एक बाटली घ्यायची: 3, 6, 9 असं करत 33 व्या किलोमीटरपर्यंत 11 बाटल्या. प्रत्येकीत 120 मिली. एकूण 1320 मिली, म्हणजे तासाला 485 च्या आसपास. थंडीत एवढं पुरतं. जास्त प्यायलं तर 20 किमीनंतर पोट डुचमळतं, आणि चालताना कमरेची हालचाल पळण्यापेक्षा जास्त असल्याने ते लगेच जाणवतं.

दीड लिटरचं मिश्रण असं करा: साधी साखर 70 ग्रॅम, ग्लुकोज पावडर 35 ग्रॅम, मीठ 3 ग्रॅम (सपाट अर्धा चमचा), आवडत असेल तर लिंबू. साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज असतं. वरून ग्लुकोज घातलं की प्रमाण जवळपास दोनास एक होतं. आतड्यात दोघांचे शिरण्याचे मार्ग वेगळे असल्याने एकाच प्रकारची साखर घेण्यापेक्षा जास्त पचते. नुसतं ग्लुकोज दाट करून घेतलं तर तासाला 60 ग्रॅमच्या पुढे ते पोटातच बसून राहतं.

या मिश्रणातून एका बाटलीत साधारण साडेआठ ग्रॅम कार्ब जातात, 11 बाटल्यांत 92. त्यावर प्रत्येकी 25 ग्रॅम कार्बची चार एनर्जी जेल: 6, 15, 21 आणि 27 किमीला. एकूण 192, तासाला सुमारे 70 ग्रॅम. हा आकडा सरावात किमान पाच-सहा लांब वॉकमध्ये घेऊन बघा. आतड्यालासुद्धा सराव लागतो. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा 70 घेतले तर मळमळ ठरलेली.

बाटली 150-200 मिलीची, दाबता येणारी. तोंडाचं झाकण आधीच उघडून ठेवायचं. थंडीने बोटं बधिर झाली की ते ओढून निघत नाही आणि चालणारा दातांनी उघडायला जातो, तोवर खांदे वाकडे होऊन पावलाची लय जाते. प्रत्येक बाटलीवर भडक रंगाची चिकटपट्टी, क्रमांक, आणि वरून उभी राहील अशी दोरीची कडी. जेल बाटलीला रबरबँडने बांधा, जेलची कडा आधीच जराशी कापून.

टेबलामागच्या माणसाने टेबल सोडून पुढे यायचं नाही आणि चालणाऱ्याबरोबर दोन पावलंही जायचं नाही. ठरलेल्या जागेबाहेर काही घेतलं तर पहिल्यांदा ताकीद, पुन्हा झालं तर बाद.

आणि पाणी: दुकानात 'नेपेर्लिवा' लिहिलेली बाटली घ्या, ती साधी. 'पेर्लिवा' म्हणजे गॅसची. गावातलं झऱ्याचं पाणी औषधी म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्यात कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा वायू असतो. ते मिश्रणात अजिबात नको. झऱ्याच्या पाण्याने अंघोळही स्पर्धा झाल्यावरच. आधी केली तर पाय सैल पडतात.

कार्डवही:
लाल कार्डांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नियमाची दोन अंगं आहेत. एक, जमिनीशी संपर्क डोळ्यांना दिसेल इतका तुटता कामा नये. दोन, पुढचा पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीराच्या बरोबर खाली येईपर्यंत गुडघा सरळ हवा. पंचाच्या हातातल्या पिवळ्या पॅडलवर (दांड्याच्या चकतीवर) नागमोडी खूण असेल तर संपर्काबद्दल इशारा, कोनाची खूण असेल तर गुडघ्याबद्दल. एक पंच एका चालणाऱ्याला एका चुकीसाठी एकदाच पॅडल दाखवतो, आणि लाल कार्डही एका पंचाकडून एकच. ते तोंडावर दाखवत नाहीत, फलकावर चढतं. म्हणून दर फेरीला फलक वाचायचं काम टेबलामागच्या माणसाकडे द्या. चालणाऱ्याने मान वळवून वाचत बसू नये.

तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की 35 किमीला साडेतीन मिनिटं पेनल्टी झोनमध्ये थांबावं लागतं (20 ला दोन मिनिटं). चौथं आलं की बाद. तिसरं अगदी शेवटी आलं आणि थांबवायला वेळ उरला नाही, तर तेवढी मिनिटं टायमिंगमध्ये मिळवतात. शेवटच्या 100 मीटरमध्ये मुख्य पंच थेटही बाद करू शकतो. त्यामुळे शेवटी कोणी बाजूने आलं म्हणून झपाटा मारायचा मोह आवरायला हवा.

25 नंतर कार्डं का? कारण तिथे पावलांची गती पडते, पण मनातला पेस तोच राहतो. 4:40 चा पेस म्हणजे सेकंदाला 3.57 मीटर. मिनिटाला 204 पावलं पडत असतील तर पाऊल 1.05 मीटरचं. थकव्याने 204 ची 195 झाली आणि पेस तसाच ओढला, तर पाऊल 1.10 मीटरचं होतं. हे पाच सेंटिमीटर कुठून येतात? एक तर पाय शरीराच्या फार पुढे टाकून, मग गुडघा वाकलेलाच टेकतो. नाही तर हवेत राहून, मग संपर्क तुटतो. दोन्हीकडे कार्डच आहे. उपाय एकच, थकल्यावर पेस सोडा, पावलं सोडू नका. 4:48 ने 204 पावलं चालणारा स्वच्छ दिसतो, 4:40 ने 195 वाला नाही.

मोबाइलवर सेकंदाला 240 फ्रेमने चित्रीकरण करा. फोन जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पाच-सहा मीटर बाजूला, एकदम काटकोनात. 240 फ्रेममध्ये एक फ्रेम साधारण 4 मिलिसेकंद. हवेतला काळ 40 मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे 9 फ्रेमच्या आत असेल तर माणसाच्या डोळ्याला सहसा पकडता येत नाही. 10-11 मोजले गेले की धोका सुरू. हे मोजमाप ताज्या पायांवर करून उपयोग नाही, लांब वॉकच्या 26 व्या, 28 व्या किलोमीटरला करा. तिथला आकडाच खरा.

टाच_आधी:
फारच नेमकं सांगितलंत, आभार. 20 किमीच्या व्हिडिओत 8 फ्रेम येतात. दमल्यावर उजवा गुडघा टेकताना किंचित वाकतो असं दिसतंय, डावा नाही. हे तंत्राचं आहे की ताकदीचं?

कार्डवही:
एकाच बाजूला आणि दमल्यावरच होतंय म्हणजे ताकदीचं. नडगीच्या पुढचा स्नायू आधी थकतो, पंजा वर धरवत नाही, टाचेऐवजी पाऊल सपाट पडतं आणि मग गुडघा लॉक होत नाही. टाचांवर चालणं 4 गुणिले 50 मीटर, आठवड्यात तीनदा. मांडीचा मागचा भाग आखडला असेल तरी हेच दिसतं, तेव्हा दोन्ही पाय उताणं झोपून उचलून बघा. उजवा कमी उचलला जात असेल तर आधी तो मोकळा करा. बुटांची टाच फार जाड आणि उसळती असेल तर हेच वाढतं. रस्त्यावर 40 मिमीपर्यंतचा तळ चालतो, पण नियमात बसतो म्हणून तोच घ्यायचा असं नाही. चालण्याला पातळ, सपाट बूट बरा.

लांबपल्ला:
सरावाबद्दल. बारा आठवडे धरा. लांब वॉक 22 किमीपासून सुरू करून 32 पर्यंत. 30 च्या पुढचा दहा दिवसांतून एकदाच, त्याहून जास्त केला तर नडगीचं दुखणं उतरत नाही. प्रत्येक लांब वॉकचे शेवटचे 6 किमी स्पर्धेच्या पेसने. मधल्या दिवशी 5 गुणिले 3 किमी 4:40 ने, मधे 1 किमी 5:30 ने. उभं राहून विश्रांती नको.

हे सगळं लांबच्या सरळ हायवेवर करू नका. जाऊन-येऊन 1 किमीच्या फेरीत दोन पूर्ण वळणं असतात, म्हणजे 35 किमीला 70. एका वळणाला दोन सेकंद गेले तर 140 सेकंद तिथेच सांडले. शिवाय वळणानंतर गेलेला वेग घाईने भरून काढताना पाय हवेत जातो, आणि पंचाची नजर तिथे असतेच. कॉलनीतला 500 मीटरचा सपाट डांबरी तुकडा घ्या, दोन कोन ठेवा. कोनाच्या सहा-सात पावलं आधी पाऊल आखूड करा, हात शरीराजवळ आणा, अर्धवर्तुळात फिरा, एका पायावर गरगर फिरू नका. बाहेर पडल्यावर 20-25 मीटरमध्ये हळूहळू पेसवर या. त्याच तुकड्यावर घडीचं टेबल मांडून तिसऱ्या फेरीला बाटलीही उचलायला लावा.

पहिले 5 किमी 4:44 ते 4:45 ने. गार हवेत 4:32 सहज वाटतो, आणि तिथेच पुढची शर्यत हातातून जाते.

शेंगेन_खिडकी:
प्रवासाचं थोडक्यात. प्रवेश राष्ट्रीय महासंघामार्फतच जातो, म्हणून तिथे आधी बोला. व्हिसा शेंगेन, अर्ज स्लोव्हाकियाकडे कारण मुक्काम तिथला. सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. विमा 30,000 युरोचा लागतो. बुडापेस्टला उतरणं सोयीचं. तिथून गाव साधारण शंभर किलोमीटरवर, हंगेरीची हद्द ओलांडली की लगेच. हंगेरीही शेंगेनमध्येच असल्याने तोच व्हिसा चालतो.

चार-पाच दिवस आधी पोहोचा. तिथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं, त्यामुळे पहाटे तीन-चारला जाग येईल. सकाळच्या शर्यतीला ते उलट बरंच. थंडीसाठी पातळ हातमोजे, हातांवर ओढायच्या बाह्या आणि शर्यतीआधी अंगावर ठेवून ऐनवेळी टाकून द्यायचा जुना स्वेटर. खाली आखूड चड्डीच. ढगळ पॅन्टमध्ये गुडघा सरळ असला तरी वाकलेला वाटतो. जेल आणि पावडर चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये 100 मिलीच्या वरचं द्रव काढून घेतात. पावडरींवर घरीच वजन आणि नाव लिहून ठेवा, आणि छोटा स्वयंपाकाचा काटा बरोबर न्या.

टाच_आधी:
फलक वाचणारा आणि बाटल्या देणारा एकच माणूस असेल तर जमेल का? बरोबर एकच जण जातोय.

टेबलमागचा:
जमेल. फलक टेबलावरून दिसत असेल तर काहीच अडचण नाही. दिसत नसेल तर बाटली दिल्यावर मधल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे सव्वानऊ मिनिटांत, फलकापर्यंत जाऊन परत यायचं. आदल्या दिवशी ते अंतर एकदा घड्याळ लावून चालून बघा. कार्डांची संख्या बोटांनी दाखवायची खूण ठरवून ठेवा: एक बोट, दोन बोटं. तीन झाली तर मूठ, म्हणजे पेनल्टी झोनकडे वळायचं.