हाँगकाँगमधल्या रविवारच्या सौंदर्यस्पर्धा कशासाठी?

पूर्वा_के: नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी सध्या हाँगकाँगमध्ये राहते. रविवारी सेंट्रल भागातला चेटर रोड वाहनांना बंद असतो आणि फिलिपिनी घरकामगार स्त्रिया तिथे पुठ्ठे अंथरून दिवसभर बसतात. अधूनमधून त्यांच्या सौंदर्यस्पर्धाही होतात. गाऊन, मुकुट, पट्टे असा सगळा सरंजाम असतो आणि त्या गर्दीत बारीक केसांच्या ‘टॉमबॉय’ स्त्रिया आपल्या जोडीदारणींसह हमखास दिसतात. आठवड्याची एकुलती एक सुट्टी आणि कष्टाचा पैसा यावर का घालवावा, आणि समलिंगी स्त्रियांना बायकांचे मोजमाप करणाऱ्या या प्रकाराचे आकर्षण का वाटावे, हे मला उमगलेले नाही. जाणकारांनी सांगावे.

जुना_वाचक: पूर्वाताई, आधी तिथले नियम पाहावेत. २००३ पासून या कामगारांना मालकाच्याच घरी राहण्याची सक्ती आहे, सात दिवसांत एक दिवस सुट्टी मिळते आणि कंत्राट तुटले की साधारणपणे दोन आठवड्यांत गाशा गुंडाळावा लागतो. ज्या बाईला स्वतःच्या खोलीचे दारही लावून घेता येत नाही, तिला आपल्या माणसासोबत उघडपणे वावरायला रविवारच उरतो, आणि स्पर्धेच्या तयारीमुळे त्या वावराला सबब व निमित्त दोन्ही मिळते.

दुसरे म्हणजे ही हौस त्या गावाकडून घेऊन आल्या आहेत. फिलिपिन्समध्ये गावच्या संताच्या उत्सवात समलिंगी पुरुष व पारलिंगी स्त्रियांची ‘मिस गे’ सौंदर्यस्पर्धा भरते आणि अख्खा गाव ती पाहायला लोटतो. हाँगकाँगमधील एक प्रमुख संयोजक लिओ सेलोमेनिओ या स्वतः घरकामगार आणि टॉमबॉय आहेत; बेबी रूथ विलारामा यांच्या २०१६ च्या ‘संडे ब्यूटी क्वीन’ या माहितीपटात त्या भेटतात. मुकुट मिळालेली स्पर्धक रात्री मालकाने ठरवलेल्या वेळेत पोहोचण्यासाठी धावपळ करते, हे त्यात पाहिल्यावर मोजमापाचा मुद्दा मला तरी दुय्यम वाटू लागला.

सडेतोड: दुय्यम कसा? गाऊनचे भाडे कोणाच्या पगारातून जाते, हे विचारायलाच हवे. शिवाय मिरवण्याची मोकळीक म्हणजे हक्क नव्हे. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडीदाराला आश्रित व्हिसा नाकारणे बेकायदा ठरवले, परंतु त्याचा लाभ मोठ्या पगाराच्या नोकरीवर आलेल्यांना. घरकामगारांच्या व्हिसावर कोणताच जोडीदार आणता येत नाही. शाबासकी द्यायचीच तर ती या स्पर्धांतून अडचणीतल्या कामगारांसाठी निधी उभारणाऱ्या संयोजकांना द्यावी, स्पर्धेला नव्हे.

तेल_अवीवकर: सडेतोड यांच्या मुद्द्याला इकडचे उदाहरण जोडतो. इस्रायलमध्ये वृद्ध, कर्मठ ज्यूंची शुश्रूषा करणाऱ्या काही फिलिपिनी पारलिंगी व्यक्ती सुट्टीच्या रात्री ‘पेपर डॉल्स’ नावाने ड्रॅगचे, म्हणजे भडक स्त्रीवेषातले रंगमंचीय कार्यक्रम करीत. २००६ च्या माहितीपटामुळे त्या जगाला ठाऊक झाल्या. आपल्या लोकांपुढे त्या राण्या होत्या, पण शहरातल्या मोठ्या क्लबने बोलावले तेव्हा त्यांना चक्क जपानी गेशांच्या वेषात उभे केले. त्यांचा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला होता. ती पद्धत २००६ मध्येच इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवली. मला वाटते, प्रेक्षक कोण आहे यावरच बरेच काही ठरते. चेटर रोडवर टाळ्या वाजवणारीही घरकामगारच असते, त्यामुळे गाऊनच्या भाड्याचा हिशेब तिला आपल्यापेक्षा नक्कीच चांगला कळतो.