मदत हवी आहे: काड्यांवर बरोबर, वहीत चूक

पुण्यात डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरवासितेत महापालिकेच्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळालाय, 36 मुलं.

गाडी अडलीय वजाबाकीत दशक सुटा करण्यापाशी, म्हणजे एक दशक मोडून दहा एकक घेण्यापाशी. 42 मधून 17 वजा करा म्हटलं की निम्मा वर्ग 35 लिहितो. "बाई, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले," असं एकीने सांगितलं. तिचंही बरोबरच म्हणा! आइस्क्रीमच्या काड्यांचे गठ्ठे दिले की हीच मुलगी रबर काढून दहा काड्या मोकळ्या करते आणि 25 सांगते. वही उघडली की पुन्हा 35. खेळातल्या 10 च्या नोटा, फळ्यावर दशक-एककाचे रकाने, सगळं करून झालं.

त्यात 'बेचाळीस' म्हणताना दोन आधी ऐकू येतात, म्हणून काहीजण 24च लिहितात. तिथे 2019 च्या दुसरीच्या पुस्तकातलं 'चाळीस दोन' वापरतेय, थोडा फरक पडलाय.

तास 35 मिनिटांचा, घरी सराव होत नाही, प्रोजेक्टर नाही. पुढच्या आठवड्यात पाठ निरीक्षण आहे.

काड्या आणि उभी मांडणी यांच्या मधली पायरी तुम्ही कोणती घेता? वहीत गठ्ठ्यांची चित्रं काढून घेता, की काड्या हातात असतानाच शेजारी अंक लिहायला लावता?