ट्रायपॉडसकट आडवी झालेली लेन्स: आतून काही हललंय का, घरी कसं ओळखायचं?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे.

कॅमेरा निकॉन डी७२००, लेन्स निकॉनचीच २००-५०० मिमी झूम, एफ ५.६. भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर ट्रायपॉडच्या एका पायाची पकड सुटली आणि सगळा डोलारा मुरमावर आडवा झाला. पहिला मार लेन्सच्या तोंडावरच्या हूडने खाल्ला, त्याला तडा गेलाय. पुढच्या काचेवर ओरखडासुद्धा नाही. ऑटोफोकस चालतो. झूम फिरतो, पण ३५० च्या आसपास किंचित अडतो. की मलाच आता तसं वाटायला लागलंय?

शंका दोन. लेन्स हलवली की आत खुळखुळ येते. आधीही यायची का, देव जाणे. धडधाकट लेन्स कानाशी धरून कोण हलवून बघतं? आणि पडल्यानंतर काढलेल्या रोहित पक्ष्यांच्या थव्याच्या फोटोंत डावी बाजू मऊ, म्हणजे कमी धारदार दिसते. वॉरंटी आपटण्याला लागू नाही, त्यामुळे दुरुस्तीला टाकण्याआधी खरंच काही बिघडलंय का ते बघायचंय. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

खुळखुळीचं आधी सांगतो. या लेन्समध्ये व्हीआर आहे, म्हणजे हात थरथरला तर भरपाई करायला एक काच आत सरकती ठेवलेली असते. व्हीआर चालू असताना कॅमेरा बंद झाला किंवा लेन्स काढली, तर ती काच मोकळी राहते आणि वाजते. निकॉनच्या माहितीपुस्तिकेतही हा बिघाड नाही असं लिहिलेलं असतं. लेन्स लावा, कॅमेरा चालू करा, थोडं थांबून रीतसर बंद करा आणि मग हलवा. आवाज गेला तर तो विषय संपला. तरीही बारीक खडा फिरल्यासारखं वाजलं तर मात्र बहुधा आत काहीतरी सुटलंय.

प्रतिसाद

भिगवणच्या फोटोंवरून काहीही ठरवू नका. उन्हं चढली की तिथल्या उजनी धरणाच्या पाण्यावरची हवा अशी हलते की ५०० वर नवी कोरी लेन्सही मऊच दिसते. जुने फोटोही तुलनेला फारसे कामाचे नाहीत. पक्षी मधोमध आणि कडेला धूसर पार्श्वभूमी, त्यात कडा कशी जोखणार?

गच्चीवर सकाळी लवकर, फरशी तापायच्या आत हे करा. वर्तमानपत्राचं जोडपान भिंतीवर सपाट चिकटवा. साधारण ४० फुटांवर ट्रायपॉड लावा. तिथून ५०० ला चौकटीत जेमतेम दोन फूट रुंदी मावते. व्हीआर बंद, ॲपर्चर एफ ५.६, शटर टायमरने. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, मोठं करून मधल्या मजकुरावर. मग चारही कोपरे शंभर टक्क्यांवर बघा.

डावी बाजू मऊ आली तरी लगेच लेन्सला दोष देऊ नका. कॅमेरा भिंतीला थोडा तिरका असला तरी तसंच दिसतं, आणि एवढ्या लांब लेन्सला दोन-चार अंशांचा तिरकेपणा पुरतो. यावर उपाय तुमच्या लेन्समध्येच आहे: कॉलर, म्हणजे लेन्स ट्रायपॉडवर बसवायचं कडं. कॉलरचा स्क्रू ढिला करून लेन्स आणि कॅमेरा आहेत तिथेच उलटे फिरवा, पुन्हा फोटो काढा. स्क्रीनवर पेपर उलटा दिसेल, तो सरळ करू नका. मऊपणा चौकटीच्या डावीकडेच राहिला तर दोष लेन्सचा किंवा कॅमेऱ्याचा. उजवीकडे गेला तर भिंतीचा, म्हणजे तुमच्या मांडणीचा. पुढे त्याच कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स लावून बघा, म्हणजे दोघांतलं कोण तेही कळेल. दोन किलोंहून जड लेन्स पडताना कॅमेऱ्याच्या माउंटलाही, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यालाही, हिसका बसतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. भर एवढीच: तोच फोटो व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, फोकस करूनही काढा. लाइव्ह व्ह्यूत धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधून मऊ आला, तर काचा ठीक आहेत, फोकसचं गणित सरकलंय. ते मेनूतल्या एएफ फाइन ट्यूनमध्ये उणे २० ते अधिक २० पर्यंत जुळवता येतं.

प्रतिसाद

पक्षी मधोमध, मग कडा मऊ असल्या तर काय बिघडलं? वापरा बिनधास्त.

प्रतिसाद

बिघडतं. काच तिरकी झाली तर मधलाही फोटो उतरतो, फक्त पटकन कळत नाही. रात्री लांबच्या मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा बरोबर मध्ये घ्या आणि फोकस जरासा सोडा. गोल, सगळीकडून सारखी चकती दिसली पाहिजे. चकती लांबट झाली किंवा उजेड एका बाजूला साचला, तर काचा एका रेषेत नाहीत.

धागाकर्ता

सगळं करून पाहिलं. कॅमेरा नीट बंद केल्यावर खुळखुळ गेली. २०० ला चारही कोपरे स्वच्छ. ५०० ला डावी बाजू मऊ, आणि उलटं फिरवल्यावरही डावीकडेच. व्ह्यूफाइंडर असो वा लाइव्ह व्ह्यू, फरक नाही. दुसऱ्या लेन्सला काही झालेलं नाही, म्हणजे कॅमेरा निर्दोष. टॉवरचा दिवा अंड्यासारखा दिसतो. झूमचं अडणंही खरंच आहे, घरच्यांना फिरवायला देऊन खात्री केली. लेन्स दुरुस्तीला देतोय. देताना काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद

२०० ला ठीक आणि ५०० ला वाकडं, शिवाय झूम अडतोय. म्हणजे झूमबरोबर पुढेमागे सरकणाऱ्या गटातच काहीतरी वाकलेलं असण्याची शक्यता जास्त. सरळ आणि उलटा असे दोन्ही फोटो पेनड्राइव्हवर द्या. नुसतं 'पडली होती' म्हणालात तर हूड बदलून, काच पुसून परत येईल. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, तुम्हाला विचारल्याशिवाय लेन्स उघडणार नाही असंही पावतीवर लिहून घ्या. आणि परत घेताना कॅमेरा सोबत न्या, ५०० वर एक फोटो तिथेच काढून बघा.