पाणीपातळी मोजून पाणी वाढतं का?

सांगोलेकर: काल इथे कुणीतरी लिहिलंय, "सरकारी भूजल खात्याचे लोक विहिरीत टेप सोडतात, वही भरतात, निघून जातात, खर्च वाया. त्यापेक्षा नारळ धरून पाणी दाखवणारा पानाड्या बरा." डोकंच फिरलं. आपल्या सोलापूरकडे वर मुरूम, त्याखाली थोडा भेगाळ खडक, मग काळा पाषाण. पाणी काय ते मधल्या भेगांत. ते पावसाळ्यानंतर किती साठलं हे ऑक्टोबरात मोजलंच नाही, तर उन्हाळ्याचे टँकर कशावर ठरवणार? नारळावर?

माळरान: तो कुणीतरी मीच. रात्री लाईट येते, मोटर पहाटेपर्यंत चालते, सकाळी साहेब टेप सोडतात. तो आकडा काय चाटायचा? विहीर चाळीस फूट, बांधापलीकडची बोअर सहाशे. ताप एकाला आणि थर्मामीटर दुसऱ्याच्या तोंडात!

सांगोलेकर: हे एक बरोबर बोललात, चुकून का होईना. म्हणूनच मोजणीची बोअर वेगळी मारतात, तिला मोटर लावत नाहीत. केंद्राच्या अटल भूजल योजनेत पातळी आपोआप नोंदवणारी यंत्रं आली ती याचसाठी. तर त्यालाही तुम्ही 'खर्च वाया' म्हणताय.

सीनाकाठ: मोजा नाहीतर नका मोजू. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यात ऊस आहे तोवर सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पाटील_माढा: आले ऊसद्वेष्टे! आमचा ऊस उजनीच्या कालव्यावर आहे. बोअरवर बोअर मारून डाळिंब कुणी जगवलं, ते सांगोल्याला विचार की बे.

सीनाकाठ: कालवा बंद झाला की तुमच्या मोटरी कशावर चालतात, तेपण सांगा.

पाटील_माढा: ज्वारीला भाव द्या, उद्या ऊस मोडतो. कारखाना निदान उचल तरी देतो. शहरात बसून शिकवू नका.

मंगळवेढ्याची_सून: भांडा अजून. आमच्या सासऱ्यांनी पानाड्याच्या शब्दावर बोअर मारली. नुसता राखाडी धुरळा, अंगणातली वाळवण सगळी खराब. शेजारी हाकेच्या अंतरावर पाणी लागलं, कारण भेग तिकडून गेलेली. कर्ज अजून फिटतंय. २००९ च्या कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली बंदी आहे म्हणे. रिगवाल्याने एका शब्दाने विचारलं नाही, फुटाचा दर तेवढा सांगितला.

माळरान: वहिनी, पानाड्या तेवढा मागे घेतो. मोजणीचं म्हणाल तर मोजा बापडे. फक्त आकडा तालुक्याच्या फायलीत नको, गावच्या चावडीवर लावा. आणि तो बघून रात्रीची मोटर बंद करा हे आमच्या भावकीला सांगायला सांगोलेकरांनीच यावं. येताना हेल्मेट घालून.