पेन्शन पणजीच्या नावाची, पणजोबांचा पत्ता नाही

नमस्कार मंडळी,

बाबांच्या कपाटातून पणजीचं पेन्शन बुक निघालं. कव्हर गेलंय, पण आत अंगठ्याचा ठसा, 'डाव्या भुवईवर व्रण' अशी ओळखखूण आणि एफ अक्षराने सुरू होणारा पीपीओ नंबर (पेन्शनच्या मंजुरी आदेशाचा नंबर) नीट वाचता येतो. पणजोबा १९४२ च्या सुमारास कामठीला महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि परत आलेच नाहीत, एवढंच घरात माहीत. त्यांच्या नावाने कधीची शोधून राहिली आहे, हाती काहीच लागत नाही. त्यात आणखी घोळ असा, की पेन्शन बुकावर पणजीच्या नवऱ्याचं एक नाव आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये वडिलांचं दुसरंच. बाबा म्हणतात, "जाऊ दे न, कशाला उकरतेस." आपल्या वंशावळीच्या लिस्टवरचं सध्या नागपुरात कोणी आहे का?

प्राजक्ता

---

प्राजक्ता,

ऊन तापेपर्यंत मी इथेच आहे. पणजोबांना जरा बाजूला ठेव आणि पणजीच्या मागे लाग. शिपाई भरती झाला की त्याचं काम झालं. त्याच्या बायकोला मात्र पेन्शनीसाठी सगळंच सिद्ध करावं लागायचं: लग्न झालं होतं का, मुलं किती, त्यातली अज्ञान किती, राहते कुठे, दुसरा घरोबा केला का. म्हणून घराणं सापडतं ते तिच्या कागदांत.

एफ म्हणजे फॅमिली पेन्शन. शिपायाची स्वतःची असती तर नंबर एसने सुरू झाला असता. लष्कराच्या पेन्शनीचा कारभार अलाहाबादचा, म्हणजे आताच्या प्रयागराजचा. नोकरीचे कागद मात्र रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे महार रेजिमेंटच्या बाबतीत मध्य प्रदेशातल्या सागरला. (पहिली बटालियन १९४१ साली बेळगावला उभी राहिली, दुसरी आपल्या कामठीत. तेव्हा घरातली गोष्ट जुळते.) सागरला लिहिताना पीपीओ नंबर आणि पणजीचं नाव आधी टाक, आणि शीट रोलसोबत (शिपायाच्या नोकरीच्या नोंदीसोबत) किंड्रेड रोलची नक्कल माग. आईवडील, बायको, मुलं यांची नावं असतात ती या किंड्रेड रोलमध्ये, आणि लोक नेमका तोच मागायचा विसरतात. पेन्शन न मिळालेल्यांचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. तुमच्याकडे पेन्शन चालू होती, म्हणून आशा आहे.

आरटीआय टाकायची वेळ आली तर अर्ज तुझ्या इकडच्या चुलतभावाच्या सहीने जाऊ दे. तो हक्क भारतीय नागरिकालाच आहे, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर भागत नाही. फी १० रुपये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही त्यालाच पाठव. चौकशी करताना शिपायाचं नाही, विधवेचं नाव सांगायचं.

आणि हो, जात पडताळणीच्या फाइलीत कोतवाल पंजीची (गावच्या जन्ममृत्यूंच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल आहे का ते बघ. आपल्याकडे निम्म्या घरांत ती आयती पडलेली असते. तहसीलचा एक हेलपाटा वाचेल.

दोन नावांचं म्हणशील तर मला वाटतं पणजीने धाकट्या दिराशी पाट लावला असावा. तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. पेन्शन का थांबली नाही, असा प्रश्न पडेल. लढाईत किंवा नोकरीपायी शिपाई गेला, तर मिळणाऱ्या पेन्शनीच्या जुन्या नियमांत सोय होती: विधवेने नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी लग्न केलं आणि त्याच घरात राहून बाकीच्या वारसांना सांभाळलं, तर पेन्शन चालू. परक्याशी केलं तर बंद.

सुहासकाका

---

काका, हे भारीच. इथे अमेरिकेत उलटं होतं. यादवी युद्धातल्या शिपायांच्या विधवांना १८६२ च्या कायद्याने पेन्शन मिळू लागली, साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर. पुन्हा लग्न केलं की बंद, मग दीर असो की कोणी. त्यामुळे काही बायका लग्न न करताच कोणासोबत राहायच्या. १८८२ मध्ये सरकारने त्यावरही कायदा केला आणि चौकशी अधिकारी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेत हिंडू लागले. लग्नाचा दाखला नसेल तर सुईणीची साक्ष, नाहीतर घरच्या बायबलमधलं जन्मनोंदींचं पान फाडून जोडलेलं. सरकारचा संशयी स्वभाव आज वंशावळवाल्यांच्या पथ्यावर पडलाय!

प्राजक्ता, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट बघितलीस का? फुकट आहे. सप्टेंबर १९३९ ते डिसेंबर १९४७ मधले मृत्यू त्यात येतात. भारतीय शिपायांच्या पुष्कळ नोंदींत 'अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, अमकं गाव, जिल्हा नागपूर' असंही असतं. तिथेही पणजीचंच नाव टाकून बघ.

श्रीकांत

---

काका, श्रीकांतदादा,

पणजीच्या नावाने एक नोंद निघाली! गाव आमचंच, वडिलांचं नावही जुळतंय. पणजोबांच्या नावाचं स्पेलिंग मात्र असं केलंय की मी जन्मात टाइप केलं नसतं. सागरचं पत्र आज लिहिते. दिराचं मात्र बाबांशी कसं बोलू? पेन्शन बुकाचे फोटो लिस्टवर टाकू का, कोणाला आणखी काही दिसेल?

प्राजक्ता

---

फोटो लिस्टवर नको. अंगठ्याचा ठसा आणि नंबर आहेत त्यात, मला वेगळे पाठव. बाबांना आधी तो पेन्शनचा नियम वाचून दाखव, नात्याचं नंतर. आणि पत्रात स्पेलिंग त्या साइटवरचंच टाक, घरचं कंसात.

सुहासकाका