आईच्या दोन गोळ्यांपैकी आठवड्याची कोणती? तातडीने मदत हवी आहे

चाफेकळी:
आईला (वय ६८) संधिवातासाठी नवी औषधे सुरू झाली आहेत. कागदावरचे अक्षर लागत नाही. दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळ्या आहेत. त्यांपैकी एक आठवड्यातून एकदाच घ्यायची, असे डॉक्टर म्हणाल्याचे तिला आठवते; परंतु औषधाच्या दुकानातून दोन्ही पाकिटांवर पेनाने ‘१-०-०’ (रोज सकाळी एक) लिहून मिळाले आहे. पुढची भेट महिन्याने आहे, तोवर काय करावे?

वाटसरू:
औषधांची नावे, मिलिग्रॅम आणि आतापर्यंत काय घेतले हे लिहिल्याखेरीज कोण काय सांगणार?

गवतीचहा:
आमच्या सासूबाईंना निर्गुंडीच्या तेलाने आणि शेकाने पुष्कळ आराम पडला.

जुनी परिचारिका:
शेकाचे नंतर पाहू. त्यांतली एक मेथोट्रेक्सेट असेल, तर संधिवातात ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घेतात. रोज घेतली गेल्यास तोंड येते, रक्तपेशी घटतात आणि प्रकरण जिवावर बेतू शकते. दुसरी बहुधा फॉलिक ॲसिड, म्हणजे तिच्या जोडीला देतात ते जीवनसत्त्व, असेल. नाव पाहा, मेथोट्रेक्सेट असेल तर ती गोळी थांबवा आणि आजच डॉक्टरांना फोन करा.

वाटसरू:
कागद न पाहता गोळी थांबवायला सांगणे मला पटत नाही.

जुनी परिचारिका:
आठवड्याच्या गोळीला एक दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही, रोज घेतल्याने बिघडते.

तिरकस:
औषधाचे जेनेरिक (कंपनीचे नव्हे, मूळ) नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावे, असा तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेचा नियम 2016 पासून आहे. तो पाळतो कोण?

जुनी परिचारिका:
नाव वाचता आले, तरी गोळी कधी घ्यायची ते त्यातून कळत नाही. ‘फक्त सोमवारी’ असा वार मराठीत लिहावा आणि रुग्ण उठण्यापूर्वी ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, ते मला सांगा पाहू’ असे विचारावे. नुसते ‘समजले ना?’ म्हटले की सगळेच मान डोलावतात.

चाफेकळी:
एका पाकिटावर मेथोट्रेक्सेट ७.५ आहे. रविवारपासून रोज घेते आहे, आज बुधवार. कालपासून तोंडात चुरचुरते, ते तिखटाने असावे.

जुनी परिचारिका:
फोनवर थांबू नका, आत्ताच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. पाकिटे आणि कागद बरोबर घ्या, आणि ‘आठवड्याची मेथोट्रेक्सेट चार दिवस रोज घेतली आहे’ हे सर्वांत आधी सांगा. रक्ततपासणी करून उतारा द्यायचा का, ते तेच ठरवतील.

वाटसरू:
मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर तोही सांगा. हे औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते.

चाफेकळी:
रिक्षा बोलावली आहे, निघतो.